पत्त्यांची हातचलाखी: इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना पत्त्यांचे दोन-तीन खेळ येतात पण हात अजून अडखळतो, त्यांच्यासाठी हे पान. प्रश्न बहुतेक इथलेच आहेत. रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगर इकडची मुलं, त्यांचे आई-बाबा आणि बोटं हलती राहावीत म्हणून निवृत्तीनंतर कॅट हाती घेतलेले दोन-चार काका, या सगळ्यांनी फिरून फिरून हेच विचारलं आहे. गुपितं फोडायचा इरादा नाही. हात सुधारायला जेवढं लागतं तेवढं मात्र हातचं न राखता लिहिलं आहे.

सुरुवात कोणत्या हालचालीपासून करावी?

पिसण्यापासून. डबल लिफ्ट, पामिंग (पत्ता तळहातात लपवणं) वगैरे नंतर.

इंटरनेटवरचे व्हिडिओ बघून मुलं पहिल्यांदा टेबलावरचं रिफल शफल शिकतात: कॅटचे दोन भाग करायचे, कोपरे फर्रकन एकमेकांत सोडायचे, वर कमान करून पाडायचे. दिसतं झकास. पण आपल्या घरी मेंढीकोट असो, बदाम सात असो की पाच-तीन-दोन, पत्ते हातातल्या हातातच पिसले जातात. एका हातात कॅट धरायचा, दुसऱ्या हाताने वरचे थर ओढून तळहातावर पाडत जायचे. परदेशी जादूगार यालाच 'हिंदू शफल' म्हणतात आणि मुद्दाम बसून शिकतात. तुम्हाला ते शाळेच्या सुट्ट्यांपासून येतं आहे, आणि तुम्ही ते टाकून रिफल शफलच्या मागे लागता!

आजीसमोर कमान करून पत्ते पाडलेत की ती म्हणणार, "हा क्लबात जाऊन बसतो की काय?" त्या क्षणापासून तिची नजर तुमच्या हातांवरून हलत नाही. हातचलाखीत हात 'नेहमीसारखे' दिसायला हवेत, आणि नेहमीसारखं म्हणजे काय ते समोर बसलेली माणसं ठरवतात. लास व्हेगासच्या टेबलावर जे साधं दिसतं ते आपल्या सतरंजीवर संशयास्पद ठरतं. म्हणून घरात, मामाकडे, गच्चीवर पत्ते कसे धरतात, कसे कापतात, कसे वाटतात ते आधी नीट बघा. आपली प्रत्येक चलाखी त्याच हालचालींच्या पोटात बसवायची आहे.

मग या पिसण्यातच निवडलेला पत्ता वर कसा राखायचा?

कॅट उजव्या हातात, लांब कडांवर अंगठा आणि मधलं बोट. डाव्या हाताची बोटं वरचे थर ओढून डाव्या तळहातावर पाडतात. मध्येच थांबा आणि समोरच्याला त्याचा पत्ता डाव्या हातातल्या गड्डीवर ठेवायला सांगा. आता उजवा हात उरलेला कॅट घेऊन त्यावर येतो, जणू पुढचा थर पाडायला. येताना अंगठा आणि मधलं बोट डावीकडच्या गड्डीतले वरचे चार-सहा पत्ते खालून उचलून घेतात. हे पत्ते उजव्या हातातल्या कॅटखाली येतात, मात्र मध्ये मागच्या बाजूला बारीक फट राखायची. मग पिसत राहा. फटीपर्यंत आलात की हातात फक्त ती उचललेली छोटी गड्डी उरते. ती शेवटी वर टाका. निवडलेला पत्ता सगळ्यात वर.

हात बिघडतो तो उचलण्याच्या क्षणी. लोक तिथे हळू होतात, खांदे वर जातात, श्वास अडकतो. उचलणं हे पुढचा थर ओढण्याच्या झटक्यातच व्हायला हवं, आधी नाही आणि नंतर नाही. यासाठी सराव असा करा: दहा वेळा खरंखुरं पिसा आणि कान देऊन ऐका. थर पडण्याचा एक ठेका असतो. मग उचल घालून पिसा. ठेका चुकला तर डोळ्यांच्या आधी कानाला कळतं.

याच पिसण्यात फोर्सही बसतो, म्हणजे समोरच्याला आपल्याला हवा तोच पत्ता घ्यायला लावणं. थर वरून ओढले जातात, त्यामुळे उजव्या हातातल्या कॅटचा तळाचा पत्ता शेवटपर्यंत तोच राहतो. "कुठेही थांब म्हण" म्हणा, थांबा, तळाचा पत्ता दाखवा. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपा आणि पक्का फोर्स मला माहीत नाही.

समोरच्याने स्वतः पत्ते पिसून दिले तर सगळं मुसळ केरात?

नाही. गणित तुमच्या बाजूने आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या दोन गणितज्ञांनी १९९२ मध्ये दाखवलं की ५२ पत्ते नीट मिसळायला सुमारे सात रिफल शफल लागतात. (डायकोनिस गणितज्ञ होण्याआधी धंदेवाईक जादूगार होते, हे ऐकून आश्चर्य वाटत नाही.) पण तो आकडा रिफलचा. हातातल्या हातात गठ्ठे पाडत पिसलं तर पत्ते थरांनीच फिरतात, आतली जोडी सहसा फुटत नाही. अशा पिसण्याने कॅट खरोखर मिसळायचा तर आकडा हजारांच्या घरात जातो.

याचा फायदा की-कार्डच्या, म्हणजे खुणेच्या पत्त्याच्या खेळात घ्या. कॅट नीट करताना तळाचा पत्ता बघून ठेवा, समजा चौकटची सत्ती. निवडलेला पत्ता सगळ्यात वर ठेवायला लावा आणि कॅट कापून खालचा भाग वर आणा. आता वरून खाली जाताना सत्तीच्या लगेच पुढे त्याचा पत्ता आहे. तो कितीही वेळा कापू दे, जोडी तुटत नाही; फार तर सत्ती तळाला आणि त्याचा पत्ता वर जाईल. एखाद्-दोनदा आपल्या पद्धतीने पिसलं तरी बहुतेक वेळा जोडी टिकते. बहुतेक वेळा, दर वेळी नव्हे. म्हणून शेवटी "हाच तुझा पत्ता!" असं ठणकावण्याआधी "लाल होता ना?" असा एक चुळबुळता प्रश्न टाकून अंदाज घ्या.

माझी डबल लिफ्ट सगळ्यांना कळते. काय चुकतं?

डबल लिफ्ट म्हणजे वरचे दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटून दाखवणं. पत्त्यांच्या निम्म्या खेळांचा जीव यात आहे आणि सर्वांत जास्त हात इथेच उघडे पडतात.

तयारी आधीच झालेली हवी. कॅट डाव्या हातात, उजवा हात वरून कडा सारख्या करतोय असं भासवत अंगठ्याने मागच्या कडेचे दोन पत्ते किंचित वर करतो आणि डाव्या करंगळीचं टोक त्या फटीत बसतं. फट किती? करंगळीची कातडी अडकेल एवढीच. पुढच्या कडेला काहीही दिसता कामा नये. ही तयारी समोरचा हसत असताना, त्याला नाव विचारताना व्हावी. उलटायच्या आदल्या क्षणी फट शोधत बसलात तर गेलात.

उलटताना अंगठा मागच्या उजव्या कोपऱ्याजवळ, मधलं बोट पुढच्या उजव्या कोपऱ्याजवळ, तर्जनी पाठीवर हलकीशी टेकलेली. पत्त्यांना अगदी थोडा बाक द्या. बाकामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून राहतात. वहीचं पान उलटतो तसे बाजूने उलटून कॅटवर ठेवा.

आता खरी गोम. डबल उलटताना तुम्ही जपता आणि एकटा पत्ता उलटताना नाही. दोन पत्ते घसरतील या धास्तीने चिमटा घट्ट होतो, नखं पांढरी पडतात, वेग मंदावतो. समोरच्याला दोन पत्ते दिसत नाहीत. त्याला तुमची धास्ती दिसते. उपाय डबल सुधारण्यात नाही, सिंगल सुधारण्यात आहे. एक पत्ता उलटायचा तोही याच पकडीने, याच वेगाने, रमी खेळतानासुद्धा. मग मोबाइलवर एक सलग चित्रफीत घ्या: कधी एक, कधी दोन, मनाला येईल तसं. तासाभराने ती घरातल्या ज्याला जादूचं काही देणंघेणं नाही अशा माणसाला दाखवा आणि विचारा, कुठे काही वेगळं वाटलं? त्याला सांगता आलं नाही तर हात तयार.

आणि पत्ता दाखवून झाला की लगेच वरचा उचलून टेबलावर टाकायची घाई नको. एक वाक्य बोला, मग.

सराव आरशासमोर करावा की मोबाइलसमोर?

आधी आरसा, मग मोबाइल. आरशात पत्त्याचा कोन कळतो. पण नेमक्या चलाखीच्या क्षणी पुष्कळ जण डोळे मिटतात, आणि मिटल्या डोळ्यांना आरशात काय दिसणार? आपल्यालाच ते दिसत नसल्याने हात स्वच्छ वाटतात. मोबाइल ती सवय चव्हाट्यावर आणतो. कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. आपल्याकडे प्रेक्षक सतरंजीवर असतात आणि लहान मुलं तर थेट तुमच्या मांडीशी येऊन बसतात, तेव्हा एकदा फोन जमिनीवर टेकवूनही बघा. तळहाताखालचा पत्ता पोरांना आधी दिसतो.

रोज किती वेळ?

वीस मिनिटं, दोन वेळांत विभागून. रविवारी चार तास बसून काही होत नाही. थकलेला हात चुकीची हालचाल पक्की करतो. एका वेळी एकच हालचाल घ्या आणि शेवटची पाच मिनिटं पूर्ण खेळ, बोलण्यासकट. बोलणं न जोडता शिकलेली चलाखी तोंड उघडलं की विसकटते.

कोणते पत्ते घ्यावेत?

कागदी, वरून लेप असलेले. पूर्ण प्लास्टिकचे पत्ते धुता येतात, टिकतात, पण फार निसरडे असतात आणि लगेच सरळ होतात, त्यामुळे बाक राहत नाही. मापं मुख्यतः दोन: पोकर मापाचा पत्ता ६३ मिलिमीटर रुंद, ब्रिज मापाचा ५७; लांबी दोन्हींची ८८. बायसिकल या अमेरिकन ब्रँडसारख्या कॅटवर बारीक खळग्यांचा पोत असतो, त्यात हवा राहते आणि पत्ते एकमेकांवरून सुरेख सरकतात.

तरीही माझं मत असं की निदान निम्मा सराव राजवाड्याच्या आसपास कुठल्याही दुकानात मिळणाऱ्या साध्या कॅटवर करावा. लग्नघरात कोणीतरी तोच तुमच्या हातात कोंबणार आहे. शिवाय स्वतःचा चकचकीत विदेशी कॅट काढलात की "हे पत्तेच जादूचे आहेत" हा शेरा ठरलेला.

पावसाळ्यात पत्ते चिकटतात, थंडीत निसटतात. काय करावं?

कागद हवेतला ओलावा ओढतो. जुलै-ऑगस्टमध्ये कॅट फुगतो, पिसारा (पंख्यासारखे पसरलेले पत्ते) तुकड्या-तुकड्यांनी उघडतो. कॅट डबीत ठेवा, डबी सिलिका जेलच्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात पिसाऱ्याचे खेळ वगळा. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, बोटं कोरडी पडतात आणि वरचा पत्ता सरकवायला पकडच मिळत नाही. खेळाच्या अर्धा तास आधी थोडं ग्लिसरीन किंवा क्रीम लावून पूर्ण मुरू द्या. पत्त्यांना टाल्कम पावडर लावू नका. पिसाऱ्यासाठी जादूगार झिंक स्टिअरेट वापरतात, पण त्याने पत्ते इतके निसरडे होतात की त्या कॅटवर डबल लिफ्ट विसराच.

आणि सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू, कचोरी, भुट्टे का कीस खाऊन आलात तर आधी साबणाने हात धुवा. नुसते रुमालाला पुसून नाही. तेलाचा एक ठसा म्हणजे त्या पत्त्यावरची कायमची खूण.

माझा हात लहान आहे / मी डावखुरा आहे. जमेल का?

लहान हाताला ब्रिज मापाचे पत्ते. डावखुऱ्यांनी सगळं उलट बाजूने शिकलं तरी चालतं, फक्त पिसाऱ्यात अडचण येते: बहुतेक कॅटवर आकडे दोनच कोपऱ्यांत असतात, त्यामुळे उलट बाजूने उघडलेल्या पिसाऱ्यात ते झाकले जातात. चारही कोपऱ्यांत आकडे असलेला कॅट शोधा.

हाताचं रडगाणं गाणाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या रेने लावांद यांचं काम बघावं. लहानपणी अपघातात उजवा हात गेला, आणि उरलेल्या डाव्या हाताने ते पत्त्यांतल्या जगातल्या अव्वल जादूगारांत गणले गेले. ते मुद्दाम संथ खेळत.

पत्ता तळहातात लपवला की हात विचित्र दिसतो.

प्लास्टर घातल्यासारखा, हो ना? पत्ता पडेल या भीतीने सगळा हात ताठ होतो आणि अंगठा बाहेर निघतो. पत्ता धरतात ते दोनच जागी: करंगळीचं टोक आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग. बाकी बोटं सैल, एकमेकांना लागून, म्हणजे फटीतून पत्ता चमकत नाही. घरात पत्ता हातात लपवूनच दार उघडा, चष्मा सारखा करा, पाण्याचा ग्लास सरकवा. हाताला काम मिळालं की तो आपोआप साधा दिसतो. आणि पत्ता उचलताच हात दूर नेऊ नका. तोच हात क्षणभर कॅटवर राहू दे, कॅट समोरच्याला देऊ दे.

पास शिकू का?

इतक्यात नको. कॅटचे दोन भाग लपवून अदलाबदल करण्याची ही चाल शिकायला वर्षं खाते आणि वर सांगितलेलं पिसणं तेच काम करतं. पण शौक म्हणून शिकायची तर जरूर.

फेरो शफलचं एवढं कौतुक का?

कारण तो पत्ते मिसळतच नाही! कॅट बरोबर २६-२६ कापायचा आणि एकाआड एक पत्ता विणायचा, वरचा पत्ता वरच ठेवून. अशी आठ विणकामं अचूक झाली की ५२ पत्ते पुन्हा मूळ क्रमात येतात. जोकर आधी बाहेर काढा, नाहीतर हिशेब कोसळतो. नवा कॅट एका बाजूने सहज विणला जातो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. कारखान्यात पत्ते ज्या दिशेने कापले जातात त्याने कडेला बारीक उतार येतो. दोन्ही बाजूंनी करून बघा. मात्र घरगुती बैठकीत फेरो दाखवू नका, कारण पहिल्या प्रश्नात लिहिलं तेच: आपल्याकडे असं कुणी पिसत नाही.

लोक माझ्या हातांकडेच टक लावून बघतात.

कारण तुम्हीही तिकडेच बघता. मान वर करा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारा: "मावशी, पत्ता लक्षात आहे ना?" उत्तर देताना माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघतो. तेवढा वेळ पुरतो. विनोदानंतरचं हसू, टाळी, पत्ता सापडल्यानंतरचा सुस्कारा, हे सगळे सैल क्षण. पुढच्या खेळाची तयारी तिथे उरकायची. "आता नीट बघा हं" मात्र कधीच म्हणू नका, निदान काही करत असताना तरी.

"परत दाखव" म्हणाले तर?

त्याच पद्धतीने परत दाखवू नये, हा जुना नियम बरोबर आहे. दुसऱ्यांदा समोरच्याला शेवट माहीत असतो. पण परिणाम तोच ठेवून पद्धत बदलता येते. पत्ता कॅटच्या मध्ये घालायचा आणि तो पुन्हा वर यायचा, हा खेळ तर पुन्हा पुन्हा दाखवण्यावरच उभा आहे. १९२२ मध्ये शिकागोत पत्त्यांचे जादूगार डाय व्हर्नन यांनी प्रख्यात जादूगार हॅरी हूडिनीला तो परत परत दाखवला. कुठलीही जादू तीनदा बघितली की आपल्याला कळतेच, अशी हूडिनीची बढाई होती. त्याला कळली नाही.

एखादे काका मध्येच "बाहीत आहे, बाहीत आहे" ओरडतात.

आधीच बाह्या दुमडा. आणि काकांनाच मदतनीस करा: कॅट त्यांच्या हातात द्या, कापायला सांगा, मोठ्याने त्यांचं कौतुक करा. मानाची जागा मिळालेला माणूस खेळ मोडत नाही. तरीही मोडला तर हसून पत्ते ठेवून द्या. वाद घालून कुणी जादू जिंकलेली नाही.

पहिल्यांदा कुठे दाखवावं?

कोजागिरीची गच्ची, हळदीकुंकवानंतरची रेंगाळलेली मंडळी किंवा इंदूर-पुणे गाडीचा डबा. गाडीत माणसं तीन बाजूंनी बसतात, वरच्या बर्थवरून कुणीतरी वाकून बघतं, म्हणून तिथे पामिंग नको, की-कार्ड चालेल. गणेशोत्सवाच्या रंगमंचावर पत्ते तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाहीत. तिथे नेमणूक झालीच तर मोठे पत्ते घ्या किंवा दोऱ्या-रुमालांचे खेळ करा.

आई म्हणते पत्ते म्हणजे जुगार. तिला काय सांगू?

तिची काळजी वायफळ नाही. दिवाळीत तीन पत्तीच्या फडात तुमचा हात चालतो हे कळलं की कुणीतरी भाव विचारायला येतंच. पैसे लावलेल्या खेळात हातचलाखी म्हणजे सरळ फसवणूक, आणि मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू आहेच. जादूगार आधीच सांगतो की मी तुम्हाला फसवणार आहे, म्हणून त्याला टाळी मिळते. आईला पहिला प्रेक्षक करा. आणि एकदा खेळ दाखवलात की त्या घोळक्यात पैशाचा डाव मांडायला बसू नका. जिंकलात तरी संशय, हरलात तरी हसू.

बोटं, मनगट दुखतं.

थांबा. दुखणं म्हणजे सरावाचं प्रमाणपत्र नव्हे. पकड फार घट्ट असते हे नेहमीचं कारण. कॅट इतका सैल धरा की कुणीही सहज ओढून घेईल. आठवडाभर विश्रांतीनंतरही दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा.

जुने, कडा फुटलेले कॅट टाकून द्यावेत का?

मुळीच नको. फाडून दाखवायच्या खेळांना, सही घ्यायला, दोन पत्ते चिकटवून खास पत्ते बनवायला तेच कामी येतात. त्यातला एक चुरगळलेला पत्ता पामिंगच्या सरावासाठी खिशात ठेवा. आणि कॅटमधून एखादा पत्ता काढलात तर डबीवर लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या मेंढीकोटात किलवरच्या पंजावरून भांडण होईल.